पाटीवरचे चोवीस दिवस

३ नोव्हेंबर, सोमवार
पाटी: ०

आला! आला एकदाचा! फोरमन आपल्या घरी आला!

चहा सांडला डायरीवर. सांडू दे. चौतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात घासली, चार्जमनच्या वर काही गेलो नाही. म्हणून कुत्र्याचं नाव फोरमन ठेवलं. माझी बायको इंदू म्हणे, "चला, एक फोरमन तरी तुमचं ऐकते का पाहू."

भेडाघाटला संगमरवराच्या मूर्ती करणाऱ्या सचिनच्या आवारात हा दोन वर्षं साखळीला होता. काय छाती आहे! काय जबडा! मी सचिनला म्हटलं, विचार करतो, पुढच्या रविवारी नेतो. तो म्हणे, "जगदीशभाऊ, रविवार काहून? आजच न्या. पट्टा देतो, भांडं देतो, पोतंभर खाणं पण देतो." इतका दिलदार माणूस आजकाल कुठे भेटतो? त्याची बायको हेमलता मात्र कुत्रा गाडीत बसेपर्यंत घराबाहेर आली नाही. वाईट वाटलं असेल बिचारीला.

आता पाटीचं लिहून ठेवतो. कारखान्यात आमच्या विभागाच्या दारावर काळा बोर्ड होता: "बिना दुर्घटना दिन". तो आकडा रोज सकाळी खडूने मीच लिहायचो. अकराशे चार दिवसांपर्यंत नेला होता! साहेब लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत. मधे एकदा मोतीरामभाऊंच्या बोटाचं टोक प्रेस मशीनमध्ये गेलं होतं. पण दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून त्यांना आणलं, पट्टी बांधल्या हातासकट खुर्चीवर बसवलं, हजेरी लावली. हजेरी लागली म्हणजे दुर्घटना नाही, असा आमचा हिशोब. आकडा वाचला. काय दिवस होते ते!

तशीच पाटी आज मी व्हरांड्यात टांगली. फोरमनचे बिनअपघात दिवस. आज शून्य. बघत राहा.

९ नोव्हेंबर, रविवार
पाटी: ६

"सावधान" शिकला! सहा दिवसांत! बिस्किट दाखवून म्हटलं सावधान, तर असा ताठ बसला की मलाच सॅल्यूट ठोकावासा वाटला.

सकाळी घमापुरच्या बाजारातून फिरवून आणला. लोक बाजूला होऊन राहिले. भाजीवाला म्हणाला, "भैया, काटता तो नहीं?" मी म्हटलं, "फोरमन है, हुकुम के बिना हिलता नहीं." नेमकं तेव्हाच त्याला एक पिल्लू दिसलं आणि मी हातगाडीपर्यंत ओढल्या गेलो. दोन-चार टमाटे पडले. उमेद केवढी आहे जनावरात!

इंदूने खांद्याला मलम चोळून दिलं. म्हणे, "आधी हे सांगा, कोण कोणाला फिरवून राहिलं?"

१६ नोव्हेंबर, रविवार
पाटी: १३

गल्लीतल्या मांजरीच्या शेपटीचा तुकडा फोरमनच्या तोंडात सापडला. मांजर जिवंत आहे, मी स्वतः तिला छतावर बसलेली पाहिली. चालती-फिरती आहे म्हणजे अपघात धरत नाही. तेरा कायम.

शेजारच्या सुमेधाताई भिंतीपाशी आल्या होत्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं त्यांनी. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, आणि रोज दुपारी चारला त्यांच्याकडून आल्याचा चहा त्या भिंतीवरून येतो. वीस वर्षांत फार तर दहा वेळा चुकला असेल. त्यांच्याकडे गुंडी आहे, पांढरी, कापसाच्या बोळ्याएवढी कुत्री, बारा वर्षांची. ताई म्हणाल्या, "रामटेकेजी, आमची गुंडी हल्ली अंगणात पाय ठेवत नाही हो." मी म्हटलं, "थंडी पडली ना ताई, म्हातारी झाली ती." त्या फोरमनकडे बराच वेळ पाहत राहिल्या. आवडला असेल. कोणालाही आवडेल असाच आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार
पाटी: १९

घरात भांडण. कारण ऐका.

फोरमनने आज भिंतीवरून उडी मारली. काय उडी! उभ्या जागेवरून, धाव न घेता! गुंडीला त्याने खाली दाबलं आणि मानेवर तोंड ठेवलं. मी "सावधान" ओरडलो, त्याने ऐकलं नाही, दुसऱ्यांदा ओरडलो, तिसऱ्यांदा पट्ट्याला धरून ओढलं. थोडे केस निघाले, रक्त एक थेंब नाही. खेळत होता तो. दोन वर्षं एकटा साखळीला, त्याला खेळायची रीत कोण शिकवणार?

इंदू म्हणे, "पाटी पुसा."
"काहून पुसू? कोणाला काही झालं का?"
"ताईंचे हात पाहिले का तुम्ही? कप धरता येत नव्हता त्यांना."
"पण रक्त कुठे आलं?"
"मोतीरामभाऊंना खुर्चीवर बसवलं तेव्हाही तुम्ही असंच म्हटलं होतं."

आता याच्यात मोतीरामभाऊ कुठून आले? या बाईची स्मरणशक्ती म्हणजे ना! मी पाटी पुसली नाही. भिंतीवर दोन विटांचा थर चढवीन म्हटलं. रविवारी चढवतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

विटा आणल्या नव्हत्या. रविवारी क्रिकेटची मॅच होती.

सकाळी साडेनऊ. मी फोरमनला अंगणात मोकळा सोडला होता. सुमेधाताई कपडे वाळत घालत होत्या, गुंडी त्यांच्या पायाशी. मी पाटीवर चोवीस लिहून राहिलो होतो, पाठ अंगणाकडे. चोवीसचा "स" पूर्ण व्हायच्या आत ताईंची किंकाळी आली. हो, मी आकडे अक्षरांतही लिहितो, छान दिसतात म्हणून.

आता सगळं नाही लिहवत. त्याने गुंडीला खांद्याला धरून झटकलं. ताई बादली घेऊन त्याच्यावर धावल्या, पडल्या, कोपर फुटलं. इंदूने नळाचा पाइप त्याच्या तोंडावर धरला तेव्हा त्याने सोडलं. इंदूने! मी नुसता ओरडत होतो. सावधान, सावधान, सावधान.

रिक्षातून व्हेटरनरी कॉलेजच्या दवाखान्यात गेलो. गुंडी ताईंच्या ओच्यात. पूर्ण रस्ता ताईंचं लक्ष गुंडीकडेच. तिच्याशीच बोलत होत्या, अगदी हळू, पाढे म्हटल्यासारखं एकाच सुरात, "झालं हं, झालं, आलंच."

घरी आलो तर पाटीवर चोवीस. पुसायला गेलो, पण हात उचलवेना. इंदूने पदराने पुसली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
पाटी: ०

गुंडी वाचली! वाचली! दवाखान्यातल्या डॉक्टर अंजनींनी सकाळी फोन केला, "जिंदा है, पानी पिया है." मी रस्त्यावर उभा होतो, तिथेच ओरडलो, दोन सायकलवाले थांबले.

सतरा टाके. डावा कान अर्धा गेला. पुढचा पाय लंगडेल.

ताईंचा भाचा वेदांग आला होता, तापलेला. म्हणाला, "मामी, ओमती थाने में रिपोर्ट लिखवाते हैं, और इस कुत्ते को यहाँ से हटवाते हैं." ताई म्हणाल्या, "आधी गुंडी घरी येऊ दे." माझ्याकडे पाहिलं नाही.

चार वाजले. भिंतीवर कप आला नाही. येणार कसा, म्हणा.

३० नोव्हेंबर, रविवार
पाटी: २

सचिनला फोन केला. म्हटलं, तुझा कुत्रा परत घेतोस का? आधी हा, हूं, जागा नाही. मग फोन हेमलताने घेतला. म्हणाली, "भाऊजी, आमच्या बाजूच्यांच्या दोन मांजरी मारल्या होत्या त्याने. मी यांना म्हटलं होतं, सांगून द्या. यांनी सांगितलं नाही." म्हणून ती त्या दिवशी बाहेर आली नव्हती!

लय संताप आला. अर्धा तास सचिनला शिव्या दिल्या, फोन ठेवल्यावर. इंदू भाजी चिरून राहिली होती. म्हणे, "सचिनने मांजरी लपवल्या. तुम्ही शेपटी लपवली. जोडी चांगली आहे." मी उठून बाहेर गेलो. फोरमन साखळीला. मला पाहून शेपटी हलवली त्याने. त्याला काय माहीत!

त्याला कोणाला देऊ? ज्याला खरं सांगीन तो घेणार नाही, खोटं सांगून देणारा दुसरा सचिन मी होणार नाही. म्हणजे राहील तर इथेच, नाही तर जन्मभर कुठल्या तरी साखळीला.

२ डिसेंबर, मंगळवार
पाटी: ४

डॉक्टर अंजनींकडे फोरमनला घेऊन गेलो. त्यांनी त्याला तपासलं, मग मला. म्हणजे प्रश्न विचारून! किती वेळा फिरवता, पट्टा कसा धरता, आधी असं काही केलं होतं का. मी शेपटी सांगितली, उडी सांगितली. त्या म्हणाल्या, "अंकल, उसने तो दो बार बताया था. सुना किसने नहीं?" नसबंदी, रेबीजचं इंजेक्शन, बाहेर कायम मुसकं आणि आखूड पट्टा. छोट्या जनावरावर त्याचा भरवसा कधीच धरायचा नाही, शिकल्यावरही नाही. हे सगळं कागदावर लिहून घेतलं.

संध्याकाळी ताईंच्या दारात गेलो. म्हटलं, "ताई, चूक कुत्र्याची नाही, माझी आहे. आधीच्या दोन घटना मी धरल्याच नाहीत. दवाखान्याचं सगळं माझ्याकडे. तुम्ही ठाण्यात जा म्हणाल तर मीच तुमच्यासोबत येतो." वाक्यं पाठ करून गेलो होतो, तरी अडखळलो.

गुंडी टोपलीत झोपली होती, गळ्याभोवती प्लास्टिकची मोठी कॉलर. माझा आवाज ऐकला आणि तिने टोपलीतच मुतलं.

ताई म्हणाल्या, "तीस दिवस, रामटेकेजी. जे करायचं ते करा, मग तीस दिवस मोजू. काही झालं तर कुत्रा जाईल, कुठे ते तुम्ही बघा. आणि ती पाटी आतमध्ये नको. फाटकावर लावा, गल्लीला दिसेल अशी. आकडा मी लिहीन."

"तुम्ही?"

"तुमच्या हातचा आकडा मला नको."

खरं सांगतो, ठाण्यात गेल्या असत्या तर कमी लागलं असतं.

५ डिसेंबर, शुक्रवार
पाटी: ०, ताईंच्या हातची

पण काय फाटक बनलं आहे! तीन दिवस मी आणि वेल्डर, दोघं भिडलो होतो. कारखान्याच्या बारूद विभागाला दोन दरवाजे असायचे. एक बंद झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, साहेब असो की मंत्री. तेच घरी केलं! आतलं फाटक, मधे चार पावलं जागा, बाहेरचं फाटक, दोन्हीला वरून पडणारा अडसर. भिंतीवर पाच फूट जाळी. फोरमनला वेगळा आडोसा, छप्पर घातलेला, साखळी नाही.

नगर निगममध्ये नोंदणीही केली. बाबू म्हणाला, "अरे वाह, पूरे मोहल्ले में आप पहले हो." वीस दिवसांपूर्वी ऐकलं असतं तर पेढे वाटले असते.

ताई सकाळी आठला आल्या. दोन्ही फाटकं हलवून पाहिली. आपला खडू घरून आणला होता. शून्य असं गोल काढलं की बस.

६ डिसेंबर, शनिवार
पाटी: १

सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करून आलो. परत येईस्तोवर ताई आकडा लिहून गेल्या होत्या.

१३ डिसेंबर, शनिवार
पाटी: ८

मुसकं घातलं! म्हणजे त्याने स्वतः घातलं! आठवडाभर मुसक्याच्या आत दही लावून धरत होतो. आज त्याने आपणहून थोबाड आत खुपसलं आणि मी वरचा पट्टा लावला. इंदूला हाक मारली, ती हातातलं पीठ टाकून धावत आली, आम्ही दोघं अंगणात नाचलो. चौसष्ट वर्षांचा माणूस आणि त्याची बायको!

१९ डिसेंबर, शुक्रवार
पाटी: १४

गुंडीचे टाके निघाले. ताईंनी स्वतः सांगितलं, आकडा लिहिता लिहिता, पाठ माझ्याकडे करून. "अर्ध्या कानाने चांगलं ऐकू येतं तिला."

मी "हो का" एवढंच म्हटलं. आत येऊन इंदूला चार वेळा सांगितलं.

२५ डिसेंबर, गुरुवार
पाटी: २०

वीस! गल्लीत लोक येता-जाता पाटी पाहतात. समोरची पूर्णिमा शाळेला सुट्टी असूनही सकाळीच ओरडली, "अंकल, ट्वेंटी हो गया!" दहाच राहिले! फोरमन आता रस्त्यात कुत्रं दिसलं की माझ्याकडे पाहतो, बिस्किटासाठी. तरी भरवसा धरत नाही. धरायचा नाही, कागदावर लिहिलं आहे.

२९ डिसेंबर, सोमवार
पाटी: २४

हे लिहायचं नव्हतं. लिहून राहिलो.

अकरा वाजता. इंदू घमापुरला भाजीला, ताई ओमतीला औषधाला. गल्लीत चिटपाखरू नाही. फोरमनच्या आडोशासाठी मागवलेला प्लायवूडचा मोठा तुकडा आला. टेम्पोवाला बाहेर टेकवून निघून गेला. तुकडा एवढा लांब की मधल्या चार पावलांत मावेना. मी म्हटलं, दोन सेकंदांचं काम. आणि दोन्ही फाटकं एकदम उघडली.

मी! ज्याने ही फाटकं केली, तो मी!

फोरमन माझ्या काखेखालून गेला. फिरायला निघायचं होतं म्हणून मुसकं आधीच घातलेलं होतं, एवढं नशीब. सरळ ताईंच्या दाराशी. त्यांचं लोखंडी दार बंद होतं. तो गजांवर मुसकं आपटून राहिला होता, आणि आत गुंडी पायरीखाली. तिचा आवाज पण निघत नव्हता. मी त्याला पट्ट्याने ओढत आणलं. फाटकं लावली. सगळं मिळून एक मिनिट.

कोणाला लागलं नाही. कोणी पाहिलं नाही. सहा दिवस राहिले फक्त. मुसकं होतं, म्हणजे व्यवस्था चाललीच ना? उलट हे तर यशच म्हणायला पाहिजे. अपघात कशाला म्हणतात? कोणाला इजा झाली तर

इथे थांबलो होतो. पाऊण तास झाला.

मोतीरामभाऊ त्या दिवशी खुर्चीवर बसले होते तेव्हा त्यांच्या पट्टीतून रक्त झिरपून राहिलं होतं. मी त्यांच्यासमोर उभं राहून आकडा लिहिला होता. ते म्हणाले होते, "जगदीश, लिही लिही, साहेब येतील." मी लिहिला. पुढे पाच महिन्यांनी त्याच प्रेसने दुसऱ्या एकाची तीन बोटं नेली, कारण जी दुर्घटना झालीच नव्हती तिच्यासाठी प्रेसला जाळी कोण बसवणार? हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. इंदूला माहीत आहे वाटते.

ताई आल्या. फाटकाचा आवाज आला. जातो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सांगितलं. उभ्या उभ्या, त्यांच्या हातातली औषधाची पिशवी खाली ठेवायच्या आत. प्लायवूड, दोन्ही फाटकं, गज, गुंडी पायरीखाली. मुसकं होतं हे शेवटी सांगितलं, आधी सांगितलं असतं तर सारवासारव केल्यासारखं झालं असतं.

ताई आत गेल्या. पायरीखालून गुंडीला काढलं, छातीशी धरलं. मग खडू घेऊन बाहेर आल्या आणि चोवीस पुसला. हाताने, घासून घासून.

म्हणाल्या, "कोणी पाहिलं होतं?"
"नाही."
"इंदूताईंनी?"
"ती अजून आली नाही."
"मग मला काहून सांगितलं?" माझ्यासारखं काहून म्हणाल्या! वीस वर्षांत पहिल्यांदा.

मी म्हटलं, "ताई, कुत्रा कुठे पाठवायचा ते दोन दिवसांत पाहतो. तुमचा शब्द होता."

त्यांनी शून्य लिहिलं. तसंच गोल. खडू पदराला पुसला आणि म्हणाल्या, "लांब सामान आलं तर मला हाक मारायची. एक फाटक तुम्ही धरा, एक मी धरीन. उद्या आठला येते."

"उद्या?"

"पाटीवर एक कोण लिहील मग?"

इंदू आली तेव्हा मी मधल्या चार पावलांच्या जागेत, दोन्ही फाटकं बंद करून, जमिनीवर बसून रडत होतो. फोरमन आतल्या जाळीला नाक लावून पाहून राहिला होता. इंदूने भाजीची पिशवी बाहेर ठेवली, बाहेरचं फाटक उघडलं, आत आली, ते नीट लावलं, अडसर पडल्याची खात्री केली, आणि मगच विचारलं, काय झालं.

३० डिसेंबर, मंगळवार
पाटी: १

ताई बरोबर आठला आल्या. आज एकट्या नाही. काखेत गुंडी, शालीत गुंडाळलेली, अर्धा कान बाहेर. फोरमनला मी आडोशात बंद करून ठेवलं होतं. त्यांनी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून आधी विचारलं, "दोन्ही बंद?" मी दोन्ही हलवून दाखवली. मग आल्या.

एक लिहिला. अकराशे चारचा मी लिहिलेला आकडा एवढा चांगला दिसला नव्हता, आईशप्पथ! पूर्णिमा शाळेला निघाली होती, पाटी पाहून थांबली. "अंकल, कल तो ट्वेंटी फोर था! क्या हुआ?"

सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मी सांगितलं, काय झालं ते.

आणि दुपारी चारला भिंतीवरच्या जाळीच्या खालच्या फटीतून, बशीत ठेवलेला चहाचा कप आला.